वाडी सावरणाऱ्यांचा सातबारा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले आणि काही तासांत रायगडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमची वाडी दापोली तालुक्यातली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची. टाळेबंदीमुळे मी त्या वेळी गावीच अडकलो होतो, म्हणून पुढचे सगळे डोळ्यांनी पाहता आले. घराची निम्मी कौले उडाली होती, वीज गेली होती, फोन बंद होते, आणि बारा गुंठ्यांतल्या दीडशे पोफळींपैकी जेमतेम तीस उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी एक्याऐंशी वर्षांची आजी पडवीत पाट घेऊन बसली आणि वाडीत पडलेले सगळे नारळ तिने मला पुढ्यात आणून ओतायला लावले. एकेक नारळ ती कानाशी धरून हलवी आणि बाजूला ठेवी. "पाणी वाजतंय ते इकडे. वाजत नाही ते खोबऱ्याला. कोवळे आहेत ते आज-उद्या पिऊन टाका." याखेरीज ती काही बोलत नव्हती. दुपारपर्यंत तिने चाळीस नारळ बेण्याचे म्हणून वेगळे काढले आणि संध्याकाळी आईने ते विहिरीच्या बाजूच्या वाळूत आडवे पुरले. दुसऱ्या दिवशी आजीने केळीचे मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, आणायला माणूस पाठवला, कारण मोठी झाडे गेल्यावर उरलेल्या कोवळ्या पोफळींना सावली नव्हती आणि पावसाची उघडीप पडली की उन्हाने त्यांची खोडे भाजली असती.

आमच्याकडचा बाणवली माड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरतो आणि नीट राखला तर ऐंशी वर्षे फळ देतो. पोफळीलाही पहिले पीक यायला पाच-सहा वर्षे लागतात. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला हे हिशेब माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही तिच्या त्या दोन दिवसांच्या वागण्यात मला कुठेही मोठा निर्धार वगैरे दिसला नाही. जून लागला आहे, पाऊस आला आहे, बेणे घालायचे दिवस आहेत आणि बेणे समोर पडले आहे, एवढाच तिचा विचार होता.

अशा बायकांचे वर्णन करायला आपल्याकडे शब्द तयार असतात. चिवट, सोशिक, खंबीर, काटक. महिला दिनाला, मातृदिनाला आणि कुणाच्या तेराव्यानंतरच्या शोकसभेत ते वापरले जातात, आणि ते खोटे आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझी तक्रार यातल्या एकाच शब्दाबद्दल आहे. सोसणे आणि सावरणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आई-आजीचे कौतुक करताना पहिलीचे करतो, दुसरी मात्र नजरेआड होते. सोसायला ज्ञान लागत नाही. जे येईल ते अंगावर घ्यायचे असते. सावरायला कोणता नारळ रुजेल हे कळावे लागते, केळ कुठे लावली म्हणजे पोफळीवरचे पश्चिमेचे ऊन अडेल हे माहीत असावे लागते, घरात किती तांदूळ आहे आणि तो किती दिवस पुरवायचा आहे याचा हिशेब करावा लागतो. आजीचा आशावाद हा तिचा स्वभाव होता असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, तो साठ वर्षे केलेल्या कामातून तयार झालेला अंदाज होता. पडलेली वाडी पुन्हा उभी राहते हे तिने आधी पाहिले होते आणि ती कशी उभी करायची हे तिला येत होते.

हे काम कसे चालते ते जवळून पाहायचे असेल तर कोकणातल्या कुठल्याही घरी एप्रिल-मे महिन्यात जावे. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे आगोट म्हणतात आणि आगोटीची तयारी हा घरातल्या बायकांचा दोन महिन्यांचा कारभार असतो. रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकली की ती फोडून बिया आणि रस वेगळा करायचा, साले उन्हात घालायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, आणि अशी पाच-सात पुटे चढल्यावर ती आमसुले वर्षभर टिकतात. फणसाचे आणि तांदळाचे पापड, आंब्याची साठे, कुळीथ आणि पावटा, मिरच्या, सोडे, सुकट, वाळलेले बोंबील, न्हाणीच्या माळ्यावर रचलेली लाकडे आणि शेणी, या प्रत्येक गोष्टीला तिचा दिवस ठरलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे काही खरे नसते, म्हणजे त्या दिवसांत घरात जे आहे तेच ताटात येणार. हे सगळे करणारी बाई पुढच्या चार महिन्यांतल्या अडचणी एकेक करून आधीच मोजत असते. वैशाखाच्या उन्हात पाठ भाजून घेत ती श्रावणातल्या जेवणाची सोय लावते. आशा या शब्दाचा याहून ठोस अर्थ मला कुठे पाहायला मिळालेला नाही. अलीकडे मे महिन्यातच अवकाळी पाऊस येऊ लागल्यापासून हे वेळापत्रक कोलमडू लागले आहे आणि अंगणातले अर्धवट वाळलेले आमसूल किंवा बोंबील एका सरीत काळे पडतात. त्याचा पंचनामा होत नाही. पण त्याकडे मी पुढे येतो.

हे कसब कोकणातच इतके का वाढले, याचे कारण तिथल्या इतिहासात आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात हे प्रमाण ११२२ होते आणि सिंधुदुर्गात १०३६. हा आकडा ऐकून कोकणात मुलींना मान आहे असा आनंद मानणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचे खरे कारण असे, की कमावते पुरुष मुंबईला असतात. शंभर-सव्वाशे वर्षे कोकणातले तरुण गिरण्यांत, गोदीत, बोटींवर आणि हॉटेलांत राबायला गेले, आणि मागे राहिलेल्या बायकोने आणि आईने शेत, गुरे, म्हातारे आणि मुले सांभाळली. मनीऑर्डरवर कोकण जगले असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. मनीऑर्डर महिन्यातून एकदा यायची. उरलेले एकोणतीस दिवस भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजणाऱ्या, लावणी करणाऱ्या आणि वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनीत नाचणी-वरी काढणाऱ्या बाईने चालवले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते आणि त्यांतले हजारो कोकणातले होते. माझ्या आईचे वडील त्यांच्यापैकी एक. संपाचा इतिहास सांगताना दत्ता सामंतांचे नेतृत्व, गिरणी मालक, सरकार आणि पुढे गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले मनोरे यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण संप इतके दिवस टिकला तो कुणाच्या अन्नावर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खोलीचे भाडे आणि उधारी झेपेना तेव्हा कामगार गावी परतले, आणि गावी त्यांना भाकरी मिळाली ती त्यांच्या आयांनी आणि बायकांनी पिकवलेली. आई तेव्हा नववीत होती. मनीऑर्डर थांबल्यावर तिच्या आईने दुसऱ्यांच्या बागेतले रतांबे निम्म्या वाट्याने फोडायला घेतले आणि त्या आमसुलांच्या पैशांतून आईची दहावीची फी भरली, हे ती अजून सांगते. आजोबा पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत. परतलेल्या, कामाची सवय तुटलेल्या, मनाने खचलेल्या माणसाला पुन्हा नांगराच्या मागे उभे करणे हेही त्याच बाईचे काम होते, आणि ते तिने न बोलता केले, असे म्हणायचा मोह होतो; पण आई सांगते की ती पुष्कळ बोलायची, भांडायची, आणि त्यामुळेच आजोबा उठले.

सोसणे आणि सावरणे यांतला फरक घराबाहेरही दिसतो. देवरुख या एका गावाशी जोडलेली दोन नावे मला या संदर्भात नेहमी आठवतात. पार्वतीबाई आठवले मूळच्या देवरुखच्या. विशीत वैधव्य आले, पदरात मूल होते. त्या पुढे शिकल्या, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, इंग्रजी धड येत नसताना, अमेरिकेला जाऊन लोकांच्या घरी काम करत राहिल्या आणि संस्थेसाठी निधी जमवून परतल्या. दुसरे नाव इंदिराबाई हळबे यांचे, ज्यांना सगळे मावशी म्हणत. वैधव्यानंतर देवरुखात आलेल्या या बाईंनी १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिर सुरू केले, ज्या काळात आसपासच्या डोंगरवाड्यांतली बाळंतीण अडली तर तिला डोलीतून मैलोन् मैल न्यावे लागे. आपल्या वाट्याला आले ते या दोघींनी सोसले असते तर त्यांना सोशिक म्हणून कुटुंबात मान मिळाला असता. त्यांनी आपल्यासारख्या इतरांसाठी व्यवस्था उभी केली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आई-आजीच्या कणखरपणाचे असे गोडवे गाणे म्हणजे त्यांच्यावरचा अन्याय झाकणे आहे, असे अनेक विचारी स्त्रिया म्हणतात. बाई सगळे निभावून नेते असे एकदा ठरले की तिला मदत करायची गरज कुणालाच वाटत नाही. ती थकली तर तिचेच काही चुकले असे होते. हे खरे आहे, आणि मी ते माझ्याच घरात पाहिले आहे. आजीचे गुडघे वयाच्या साठीतच गेले होते. १९९० साली राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कातळावर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. ती चांगलीच योजना होती. पण खड्डा आणि कलम यांना अनुदान मिळाले, तरी पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्या कलमांना डोक्यावरून पाणी घालणारी बाई सगळ्या हिशेबांत गृहीत धरलेली होती. तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. आजी खालच्या विहिरीवरून चढण चढून दिवसाला वीस-बावीस हंडे नेत असे. तिच्या गुडघ्यांची ती किंमत आज बागेतल्या हापूसच्या पेटीत कुठेही धरलेली नाही.

म्हणून आक्षेप मान्य करूनही मी त्याच्या शेवटाशी सहमत होत नाही. कौतुकामुळे अन्याय झाकला जात असेल तर दोष कौतुकाच्या अपुरेपणाचा आहे. आपण त्यांच्या सहनशक्तीचे कौतुक करतो आणि त्यांच्या जाणकारीचे करत नाही, म्हणून ते फुकट जाते. एखाद्याच्या सहनशक्तीला दाद दिली की पुढे काही करावे लागत नाही. जाणकारीला दाद दिली की त्या माणसाला विचारावे लागते, त्याला अधिकार द्यावा लागतो, त्याच्या कामाचा मोबदला ठरवावा लागतो. शिवाय या बायकांची आशा ही निव्वळ शोषणाची खूण आहे असे म्हणणे मला त्यांच्यावर दुसरा अन्याय करण्यासारखे वाटते. बेण्याचे नारळ निवडताना आजीच्या चेहऱ्यावर कामात बुडालेल्या माणसाचे समाधान होते. ते माझ्या कल्पनेतले नाही.

आता अधिकाराचे पाहू. निसर्ग वादळानंतर सरकारने फळबागांसाठी मदतीची रक्कम वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. ऐकायला ती मोठी वाटते. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे येतात, म्हणजे बारा गुंठ्यांच्या वाडीला सहा हजार रुपये. एकशेवीस पोफळी आणि अकरा माड यांच्या बदल्यात सहा हजार. भरपाई क्षेत्रावर न ठरवता झाडागणिक ठरवावी ही मागणी तेव्हा गावोगाव झाली आणि ती रास्त होती. पण माझा मुद्दा त्यापलीकडचा आहे. मदत जमिनीच्या खातेदाराला मिळते. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आहेत. पणजोबांच्या चार मुलांचे वारस. त्यांतले बहुतेक डोंबिवली, विरार, पुणे इथे राहणारे, आणि दोघे परदेशी. वाडीत राहून तिला रोज पाणी घालणाऱ्या आजीचे नाव त्यात होते, पण कुठे, तर इतर अधिकाराच्या, म्हणजे खातेदार नसलेल्यांच्या रकान्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस ठरवले आहे. तरीही आजोबा गेल्यावर वारस नोंद करताना मुलगे खातेदार झाले आणि आईचे नाव शेजारच्या रकान्यात गेले. कोकणातले जुने सातबारे कुणीही काढून पाहावेत, हीच रीत दिसेल. यात घरातल्या कुणाचा वाईट हेतू होता असे नाही. "तिचं नाव लावून काय करायचंय, तिला कोण बाहेर काढणार आहे?" असे प्रेमानेच म्हटले गेले होते. मदतीचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा प्रत्येक हिस्सेदाराचे संमतीपत्र हवे होते, आणि टाळेबंदीत ते जमवता जमवता पावसाळा संपला.

किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या बायकांची गोष्ट याहून अवघड आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव लागतो तेव्हा बोली लावणाऱ्यांत बायका पुढे असतात. माल घेणे, बर्फ, टेम्पोचे भाडे, गिऱ्हाइकाची उधारी, बोटीच्या डिझेलसाठी नवऱ्याला द्यायचे पैसे, हा सगळा व्यवहार त्यांच्या कनवटीला असतो. निसर्ग गेले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले. नुकसान मोजताना होडी आणि जाळे मोजले जाते, कारण त्यांना मालक असतो आणि नोंदणी असते. जिचे भांडवल टोपली, उधारीची वही आणि वाळत घातलेली सुकट एवढेच आहे, तिचे नुकसान कोणत्या नमुन्यात लिहायचे हे कुणी ठरवलेले नाही. दोन महिने धंदा बुडालेला असतानाही तिने घर चालवलेले असते, आणि ते तिने चालवले म्हणून तिचे नुकसान झालेच नाही असे कागदावर दिसते.

हे बदलता येते, कारण यातले काही महाराष्ट्रानेच आधी केलेले आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला झाले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी स्वतःहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. सरकारनेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय त्याच नावाच्या योजनेने केली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहायचा निर्णय झाला, त्याचे मला मनापासून समाधान आहे. पण मुलाच्या नावात आई आली आणि वाडीच्या कागदात नाही, तर काम अपुरे राहिले. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाने खातेदाराच्या नावाबरोबर "प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती" अशी नोंद करून मदतीचा वाटा थेट तिच्या खात्यात जावा, बंदरावरच्या मासे विक्रेत्या बायकांची यादी वादळ येण्याआधीच तयार असावी, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवतो. खाडीची माहिती त्या बायकांना पिढ्यान् पिढ्या होती. ती विचारणारे कुणी भेटले तेव्हा तिचा रोजगार झाला.

आणखी एक बोलायला हवे. आमच्या गावातल्या तिशीतल्या मुली आजीसारखे जगू इच्छित नाहीत. त्यांना हंडे वाहायचे नाहीत आणि त्या बरोबर आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. आता बायकाही गाव सोडत आहेत. आजीची जाणकारी पुढे न्यायची असेल तर तिच्यातले कष्ट कमी करून आणि हक्क वाढवूनच ती नेता येईल. नळाचे पाणी आणि स्वतःच्या नावाची वाडी असेल तर कदाचित एखादी सून राहील.

सरकारची वाट न पाहता घरातल्या घरात करता येईल असे एक काम आम्ही मागच्या गणपतीत हाती घेतले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सर्वांच्या संमतीने सामायिक जमिनीचे वाटप करता येते, आणि कोकणात सगळे हिस्सेदार एकाच वेळी गावात सापडायचे दिवस वर्षातून दोनदाच येतात. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, त्यामुळे तिचे नाव लावायची वेळ निघून गेली. पण आई आहे, काकू आहे आणि दोन आत्या आहेत. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पडवीत सगळे बसले. आईने आजीच्या हातच्या बेण्यातून वाढलेले तेहतीस माड वाडीत फिरून प्रत्येकाला दाखवले आणि कोणत्या कोपऱ्यात काय लावले आहे, कुठे पाणी साचते, कुठली पोफळ अजून वाचवता येईल, ते सांगितले. मुंबईच्या चुलत्यांतल्या दोघांनी वाडी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेवटच्या कुंपणापर्यंत पाहिली. चौघी बायकांची नावे खातेदार म्हणून लावायच्या कागदावर त्या संध्याकाळी एकोणीस सह्या झाल्या. उरलेल्या आठ शिमग्याला घ्यायच्या आहेत.